डोळ्यांचा जुनाट कोरडेपणा: प्रकार ओळखून टप्प्याटप्प्याने उपचार कसे करावेत

डोळ्यांतून सारखे पाणी गळते म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे गेलेल्या माणसाला ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ असे सांगितले, तर त्याचा चटकन विश्वास बसत नाही. वस्तुतः डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरू लागला, की तेथील मज्जातंतू अश्रुग्रंथीला इशारा देतात आणि ती एकदम भरपूर पाणी सोडते. हे पाणी पातळ असते, त्यात तेलाचे आणि चिकट द्रव्याचे प्रमाण पुरेसे नसते. त्यामुळे ते डोळ्यावर न टिकता गालावर ओघळते आणि थोड्याच वेळात डोळा पूर्वीइतकाच कोरडा होतो. वाळू गेल्यासारखे खुपणे, जळजळ, संध्याकाळी डोळे जड होणे, वाचताना अक्षरे धूसर दिसून पापणी लवली की पुन्हा स्पष्ट होणे, ही सगळी याच विकाराची रूपे होत.

हा विकार एकदा मुरला की सहसा वर्षानुवर्षे सोबत राहतो, परंतु नीट उपचारांनी तो बहुतेकांच्या बाबतीत चांगला आटोक्यात येतो. उपचार फसण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या मते, औषध कमी पडणे हे नसून आपला कोरडेपणा कोणत्या प्रकारचा आहे हे न पाहताच थेंबांच्या बाटल्या बदलत राहणे हे आहे. म्हणून पुढे दिलेल्या पायऱ्यांमध्ये थेंबांचा क्रमांक बराच उशिरा लागतो.

आधी समजून घ्यावे: अश्रूंचा थर कसा टिकतो

बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर अश्रूंचा जो थर पसरलेला असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. त्यात अश्रुग्रंथींतून येणारे पाणी आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आवरणातून पाझरणारे चिकट म्युसिन एकमेकांत मिसळलेले असते, आणि या मिश्रणावर तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. म्युसिनमुळे पाणी डोळ्याला धरून राहते आणि तेलामुळे ते हवेत उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या कडेतील मायबोमियन ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी उभ्या रांगेत असतात. त्यांची तोंडे पापणीच्या केसांच्या अगदी मागे उघडतात आणि प्रत्येक उघडझापीबरोबर त्यांतून किंचित तेल बाहेर ढकलले जाते.

यावरून कोरडेपणाचे दोन मुख्य प्रकार लक्षात येतात. एकात पाणीच कमी तयार होते. दुसऱ्यात पाणी ठीक असते, पण तेल कमी किंवा निकृष्ट असल्यामुळे ते भराभर उडते. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा बराच अधिक आढळतो, आणि अनेकांमध्ये दोन्हींची सरमिसळ असते. प्रकार कोणताही असो, पाणी उडाल्यावर उरलेल्या अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते, त्याने पृष्ठभागावरील पेशींना दाह होतो, दाहामुळे म्युसिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि थर आणखी लवकर फाटू लागतो. हे दुष्टचक्र सुरू झाले, की मूळ कारण दूर झाल्यावरही तक्रार चालू राहते. कोरडेपणा जुनाट का होतो आणि केवळ ओलावा देऊन तो का थांबत नाही, याचे उत्तर या चक्रात आहे.

पायरी १: तक्रार केव्हा वाढते याची नोंद ठेवावी

एक-दोन आठवडे, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणते काम करताना त्रास वाढतो, हे वहीत लिहून ठेवावे. सकाळी उठतानाच डोळे चिकटलेले असणे, पापण्यांच्या कडा लाल दिसणे, केसांच्या मुळाशी चिपाडे किंवा कोंडा असणे, वारंवार रांजणवाडी होणे, ही लक्षणे पापण्यांच्या ग्रंथींकडे बोट दाखवतात. काहींच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत आणि त्यांनाही सकाळीच अधिक त्रास होतो. अशा वेळी घरातल्या कोणाला तरी रात्री मंद उजेडात पाहायला सांगावे, कारण स्वतःला हे कधीच कळत नाही. उलट, सकाळी डोळे बरे असून संध्याकाळपर्यंत जळजळ वाढत जात असेल, तर पाण्याची कमतरता किंवा दिवसभराचे पडद्यावरचे काम यांचा संशय घ्यावा. खाज हीच प्रमुख तक्रार असेल, तर ॲलर्जी अधिक संभवते आणि तिचे उपचार वेगळे आहेत.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसेल, दात भराभर किडत असतील आणि बोटांचे सांधे दुखत असतील, तर ही नोंद फार महत्त्वाची ठरते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली या लक्षणसमूहाचे सविस्तर वर्णन केले आणि तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरच हल्ला करते. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये तो सर्वाधिक आढळतो. अशा रुग्णाने नेत्रतज्ज्ञाबरोबर संधिवाततज्ज्ञालाही दाखवलेच पाहिजे, कारण हा आजार डोळ्यांपुरता मर्यादित नसतो.

पायरी २: चालू असलेली औषधे तपासावीत

सर्दी आणि ॲलर्जीसाठी घेतल्या जाणाऱ्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरील व झोपेसाठी दिली जाणारी औषधे, लघवी वाढवून रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्या आणि मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन यांमुळे डोळे कोरडे पडू शकतात. आयसोट्रेटिनॉइनचा परिणाम थेट तेलग्रंथींवर होतो. तरुण मुलामुलींना अचानक कॉन्टॅक्ट लेन्स सोसेनाशा झाल्या, तर हे औषध चालू आहे का, हे आधी विचारावे. काचबिंदूसाठी वर्षानुवर्षे घातल्या जाणाऱ्या थेंबांमधील बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षकही (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेले रसायन) पृष्ठभागाला इजा करते. यांपैकी कोणतेही औषध परस्पर बंद करू नये, विशेषतः काचबिंदूचे तर मुळीच नाही. मात्र यादी डॉक्टरांपुढे ठेवून पर्याय आहे का, हे जरूर विचारावे. मधुमेह, थायरॉइडचे विकार, रजोनिवृत्ती आणि चष्म्याचा नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया यांचाही उल्लेख करावा.

पायरी ३: नेत्रतज्ज्ञाकडून प्रकार निश्चित करून घ्यावा

यासाठीच्या मूलभूत तपासण्या साध्या आहेत आणि तालुक्याच्या गावातील नेत्रतज्ज्ञही त्या करू शकतात. शिर्मर चाचणीत, जी ऑटो शिर्मर यांनी १९०३ साली मांडली, टिपकागदाची ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती भिजते हे मोजतात. भूल न देता केलेल्या चाचणीत १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजणे संशयास्पद आणि ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजणे गंभीर समजतात. दुसऱ्या तपासणीत फ्लुरोसीन हा पिवळा रंग डोळ्यात लावून निळ्या प्रकाशात पाहतात आणि पापणी न लवता अश्रूंचा थर किती सेकंदांनी फाटतो हे मोजतात. १० सेकंदांच्या आत त्यात काळे ठिपके पडू लागले, तर थर अस्थिर आहे. याच रंगाने पृष्ठभागावर ओरखडल्यासारख्या जागा उमटतात का, हेही दिसते.

तिसरी गोष्ट मात्र घाईच्या ओपीडीत हमखास राहून जाते. डॉक्टरांनी पापणीची कड बोटाने किंचित दाबून तेल कसे येते हे पाहायला हवे. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येते. बिघडलेल्या ग्रंथीतून ते गढूळ येते, दाट पेस्टसारखे निघते किंवा अजिबात येत नाही. ‘माझ्या पापण्यांच्या ग्रंथी कशा आहेत?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून विचारण्यात काहीही गैर नाही.

पायरी ४: पापण्यांचा शेक आणि स्वच्छता

तेलग्रंथी बिघडलेल्या असतील, तर हा उपचाराचा पाया आहे, आणि तो घरीच करायचा आहे. ग्रंथींतील बिघडलेले तेल थंडीत खोबरेल तेल थिजावे तसे घट्ट झालेले असते आणि ते वितळण्यासाठी पापणीच्या आतपर्यंत साधारण ४० अंश सेल्सियस उष्णता काही मिनिटे टिकून राहावी लागते. कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल डोळ्यांवर ठेवला, की तो एक-दोन मिनिटांतच गार होतो. म्हणून ‘शेक घेतला, उपयोग झाला नाही’ असे म्हणणाऱ्यांनी बहुधा गार रुमालच डोळ्यांवर ठेवलेला असतो.

स्वच्छ सुती रुमालाच्या दोन घड्या कराव्यात आणि जवळ गरम पाण्याचे भांडे ठेवावे. एक घडी पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी, ती निवू लागली की दुसरी ठेवावी, आणि असे ८ ते १० मिनिटे करावे. रुमाल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. तेथे चटका बसला, तर तो पापणीसाठी फारच गरम आहे. बाजारात मिळणारे, गरम करून वापरायचे डोळ्यांचे मास्क उष्णता अधिक वेळ धरतात, म्हणून परवडत असल्यास ते घेणे सोयीचे ठरते.

शेकानंतर लगेच, तेल पातळ असतानाच, मालिश करावी. डोळा मिटून, स्वच्छ बोटाने वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने, हलक्या दाबाने पाच-सहा वेळा बोट फिरवावे. दाब पापणीच्या कडेवर पडावा, बुबुळावर नव्हे. त्यानंतर पापण्यांसाठी मिळणाऱ्या तयार वाइप्सने किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या सौम्य द्रावणात भिजवलेल्या कापसाने केसांची मुळे आडवी पुसावीत. मुळाशी नळीसारखा पांढरा कोंडा चिकटलेला असेल, तर तो डेमोडेक्स या सूक्ष्म कोळ्यांमुळे असू शकतो आणि त्यासाठी वेगळे औषध लागते.

हा क्रम सुरुवातीला दिवसातून दोनदा आणि पुढे एकदा कायम ठेवावा. फरक जाणवायला काही आठवडे जातात आणि सोडून दिल्यास तेल पुन्हा साचते. काजळ लावण्याची सवय असणाऱ्यांनी ते पापणीच्या आतल्या कडेवर लावणे थांबवावे, कारण ग्रंथींची तोंडे नेमकी तेथेच असतात. हा सल्ला घरोघरी नावडता ठरतो याची कल्पना आहे, तरी तो टाळता येण्याजोगा नाही.

पायरी ५: कृत्रिम अश्रू निवडणे आणि नीट घालणे

कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल असलेले थेंब सर्वत्र मिळतात, आणि त्यांपैकी एकच सर्वांना श्रेष्ठ ठरेल असे नाही. तेलग्रंथींचा विकार असल्यास तेलाचा अंश असलेले थेंब अधिक सोसतात. दाट जेल किंवा मलम अधिक वेळ टिकते, पण नजर धूसर करते, म्हणून ते झोपताना घालावे. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील, तर परिरक्षक नसलेले थेंबच घ्यावेत, नाहीतर औषधच दाह वाढवते.

हात धुऊन, मान मागे करून, खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब टाकावा. डोळ्यात तेवढाच मावतो, दुसरा गालावरच येतो. बाटलीचे टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नये. नंतर डोळा एक-दोन मिनिटे अलगद मिटून ठेवावा. दोन वेगळ्या औषधांमध्ये किमान ५ मिनिटांचे अंतर ठेवावे आणि मलम शेवटी लावावे. उघडलेली बाटली, लेबलवर वेगळी मुदत नसल्यास, महिन्याभरात टाकून द्यावी. २०२३ साली अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे स्यूडोमोनास जंतूंचा गंभीर संसर्ग पसरला, काहींची दृष्टी गेली आणि काही रुग्ण दगावले; डोळ्यात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या निर्जंतुकतेबाबत इतके काटेकोर का राहायचे, ते यावरून कळावे.

त्याच कारणासाठी गुलाबजल, मध, दूध, एरंडेल किंवा घरी उकळलेले त्रिफळ्याचे पाणी डोळ्यात घालू नये. ते नैसर्गिक असेल, पण निर्जंतुक नसते, आणि कोरड्या डोळ्याच्या पृष्ठभागाला आधीच बारीक जखमा असतात.

याहून मोठा धोका मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांचा आहे. डोळे आल्यावर दिलेली, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली अनेक घरांत उरलेली असते आणि तिने जळजळ झटक्यात थांबते, म्हणून ती पुन्हा पुन्हा वापरली जाते. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे असे समजावे. देखरेखीशिवाय दीर्घकाळ वापरल्यास त्याने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. लाली घालवणारे नॅफाझोलिनयुक्त थेंब रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसतात, आणि परिणाम ओसरल्यावर लाली अधिकच वाढते.

पायरी ६: पापण्यांची उघडझाप आणि भोवतालची हवा

एरवी मिनिटाला १५ च्या आसपास होणारी पापण्यांची उघडझाप पडद्याकडे एकटक पाहताना निम्म्याहूनही कमी होते आणि जी होते तीही बऱ्याचदा अर्धवट असते. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहण्याचा नियम प्रसिद्ध आहे, पण त्या २० सेकंदांत डोळे पूर्ण मिटून, क्षणभर थांबून, मग उघडण्याची क्रिया सावकाश काही वेळा केली तरच कोरडेपणाला त्याचा खरा उपयोग होतो. संगणकाचा पडदा नजरेच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवावा, म्हणजे पापण्या कमी उघड्या राहतात आणि बाष्पीभवन घटते.

एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये. मोटारीतील जाळ्या पायांकडे वळवाव्यात. मुंबईची हवा दमट असली, तरी दिवसभर एसीत बसणाऱ्याला तिचा फायदा मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत डेझर्ट कूलर खोलीत ओलावा वाढवतो, हे चांगलेच. पण त्याच्या समोर तोंड करून झोपल्यास लाभापेक्षा तोटा अधिक. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवावी.

जवस किंवा ओमेगा-३ च्या गोळ्यांविषयी नेहमी विचारले जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५३५ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या अमेरिकी चाचणीत रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. जवसाची चटणी आवडत असेल, तर अवश्य खावी. डोळ्यांसाठी म्हणून महागड्या गोळ्या घेण्याची मला गरज वाटत नाही.

पायरी ७: एवढ्याने भागले नाही तर

महिना-दोन महिने वरील सर्व नीट करूनही त्रास राहिला, तर दाहाचे चक्र तोडणारी औषधे लागतात. सायक्लोस्पोरिनचे थेंब त्यांत प्रमुख आहेत. ते सुरुवातीला चांगलेच झोंबतात आणि त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला ३ ते ६ महिने लागू शकतात. हे आधी न सांगितल्यामुळे बरेच रुग्ण पंधरवड्यात बाटली ठेवून देतात. सुरुवातीचा काळ सुसह्य व्हावा म्हणून डॉक्टर काही आठवडे सौम्य स्टेरॉइड देतात, ते मात्र दाब तपासत आणि ठरलेल्या दिवशी थांबवण्यासाठी. पापण्यांचा दाह तीव्र असल्यास डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन पोटात देतात. डॉक्सिसायक्लिन गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना चालत नाही.

पाण्याचीच कमतरता असेल, तर डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात असलेली अश्रू वाहून नेणारी बारीक छिद्रे इवल्या बुचांनी बंद करतात, म्हणजे आहे ते पाणी डोळ्यातच राहते. मात्र दाह शमण्यापूर्वी बुचे बसवल्यास दाहकारक अश्रूच तेथे साचून राहतात, म्हणून क्रम पाळावा लागतो. फार गंभीर रुग्णांसाठी त्यांच्याच रक्तातील द्रव वेगळा करून बनवलेले थेंब किंवा बुबुळावर पाण्याचा साठा धरून ठेवणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स हे मार्ग आहेत.

वाट न पाहता डॉक्टरांकडे केव्हा जावे

नजर अचानक कमी होणे, तीव्र वेदना, उजेड मुळीच न सोसणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे किंवा पू येणे ही कोरडेपणाची साधी लक्षणे नव्हेत. त्याच दिवशी तपासणी करावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर लेन्स काढून ती डबीत घालून सोबत न्यावी. लहान मुलाचे डोळे कोरडे, निस्तेज दिसत असतील आणि ते अंधारात चाचपडत असेल, तर अ जीवनसत्त्वाच्या अभावाची शक्यता तातडीने तपासावी लागते.

मोतीबिंदूची किंवा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया ठरली असल्यास कोरडेपणाचा त्रास शल्यचिकित्सकांना आधीच सांगावा. कोरड्या पृष्ठभागावर घेतलेली बुबुळाच्या वक्रतेची मापे चुकीची येऊ शकतात आणि त्यावरून निवडलेल्या भिंगाचा नंबरही चुकतो. त्यामुळे काही आठवडे पापण्यांचे आणि पृष्ठभागाचे उपचार करून, मापे पुन्हा घेऊन, मगच शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी.